सल्ला : नोंदणीचे ५४ गुण आणि ओरल मोटरचा कोर्स

पत्र : बीएएसएलपी (वाचा आणि श्रवण उपचारांची पदवी) होऊन चार वर्षं झाली. धायरीतल्या एका बालविकास क्लिनिकमध्ये आठवड्याचे पाच दिवस आणि शनिवारी एका रुग्णालयात काम करते. क्लिनिकमध्ये तीसेक मुलं आहेत. निम्म्याहून जास्त ऑटिझमची किंवा उशिरा बोलायला लागलेली, आठ-नऊ उच्चारांची, दोन अडखळणारी. शनिवारी बहुतेक स्ट्रोकचे पेशंट, त्यांत गिळण्याचा त्रास असलेले जास्त. आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषदेची) नोंदणी पुढच्या वर्षी संपते आणि नूतनीकरणाला लागणाऱ्या १०० पैकी ४६च गुण जमलेत. आमच्या मॅडम म्हणतात, ओरल मोटर थेरपीचा (ओठ-जिभेच्या व्यायामांचा) दोन दिवसांचा कोर्स करून घे, पालक विचारतात. मैत्रीण म्हणते, हॅनेन (पालकांना शिकवण्याचं प्रशिक्षण) कर. दुसरी म्हणते, हे सगळं सोड, सरळ मास्टर्स कर. वर्षाला चाळीस हजारांपलीकडे खर्च मला झेपणार नाही. सुरुवात कुठून करू?
— सिंहगड रस्त्यावरची एक थेरपिस्ट

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. नोंदणी टिकवायला गुण हवेत आणि पेशंटसाठी काहीतरी नीट शिकायचंय. एकाच कोर्समधून दोन्ही साधेल या आशेवर बहुतेक जण महागडा कोर्स निवडतात. मग कळतं की गुण मिळालेच नाहीत आणि सोमवारच्या सेशनमध्येही काही बदललं नाही. म्हणून दोन्हींचा हिशेब वेगळा मांडा. गुण स्वस्तात आणि लवकर मिळवून मोकळ्या व्हा. पैसा आणि डोकं शिकण्यासाठी राखून ठेवा.

गुणांचं आधी. मान्यताप्राप्त सीआरई (निरंतर पुनर्वसन शिक्षण) कार्यक्रमाच्या माहितीपत्रकावर गुण छापलेले असतात. दिवसभराच्या कार्यक्रमाला साधारण सहा, तीन दिवसांना अठरा असा तो हिशेब असतो. तुम्हाला ५४ हवेत, म्हणजे पूर्ण नऊ दिवस. तीन दिवसांचा एक मोठा कार्यक्रम आणि सहा सुटे दिवस केलेत तर शनिवारच्या कामाला फारसा धक्का न लावता आठ-नऊ महिन्यांत हे संपतं. शेवटच्या दोन महिन्यांवर ठेवू नका. कार्यक्रम पुढे ढकलले जातात, जागा भरतात आणि झालेल्या कार्यक्रमाचे गुण नोंदवले जायलाही वेळ लागतो.

पैसे भरण्यापूर्वी आयोजकांकडून आरसीआयच्या मान्यतेचं पत्र किंवा त्याचा क्रमांक मागून घ्या. ‘मान्यतेसाठी अर्ज केला आहे’ असं छापलेलं असेल तर गुण अजून मिळालेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. नाव नोंदवताना सीआरआर नंबर (आरसीआयच्या केंद्रीय रजिस्टरमधला तुमचा क्रमांक) आणि नावाचं स्पेलिंग त्या रजिस्टरमध्ये आहे तसंच लिहा. लग्नानंतर आडनाव बदललंय, आधार कार्डावर एक नाव आणि रजिस्टरमध्ये दुसरं, हा घोळ नूतनीकरणाच्या वेळी हमखास वर येतो. तसं असेल तर रजिस्टरमधली दुरुस्ती आत्ताच सुरू करा. ऑनलाइन कार्यक्रम असेल तर लॉगिनचं नावही तेच ठेवा, कारण हजेरी त्याच यादीवरून घेतात. नवऱ्याच्या लॅपटॉपवरून नवऱ्याच्याच नावाने दिवसभर बसलेल्या व्यक्तीला प्रमाणपत्र कोणत्या नावाने द्यायचं, हे आयोजकांनाही कळत नाही. प्रमाणपत्र आलं की त्याच दिवशी पीडीएफ एका फोल्डरमध्ये टाका आणि तारीख, विषय, मान्यता क्रमांक, गुण अशी एक ओळ एक्सेलमध्ये लिहा. त्यानंतर आरसीआयच्या संकेतस्थळावर जाऊन तुमच्या नावापुढे त्या गुणांची नोंद झाली आहे का, हेही पाहा.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर आरसीआय कायद्यासाठी. १९९२च्या या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे रजिस्टरमध्ये नाव नसताना पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करणं हा गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडाचा आकडा आज हास्यास्पद वाटतो, कैदेचा नाही. शिवाय रुग्णालयं नोकरी देताना आणि करार वाढवताना चालू नोंदणी पाहतातच.

कार्यक्रम शोधायला तुम्हाला फार लांब जायला नको. धनकवडीच्या भारती विद्यापीठात ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीचं महाविद्यालय आहे, त्यांच्या सूचना पाहत राहा. मुंबईत बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाचा-श्रवण दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, १९८३पासूनची. सकाळच्या गाडीने दादर, तिथून वेस्टर्न लाइनने बांद्रा, एका दिवसात जाऊन येता येतं. म्हैसूरची ‘आयिश’ (अखिल भारतीय वाचा-श्रवण संस्था) १९६५पासून याच क्षेत्रात आहे. इंडियन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशन, म्हणजे आपली ‘इशा’, दरवर्षी इशाकॉन ही परिषद भरवते. तिथे जाणार असाल तर गुण किती आणि मुख्य परिषदेचे की आधीच्या कार्यशाळेचे, हे पत्रकात वाचून घ्या.

एक सावधगिरी परदेशी कोर्सबाबत. त्यांच्या प्रमाणपत्रावर ०.६ सीईयू किंवा ०.१ सीईयू असं छापलेलं असतं. ही अमेरिकेच्या ‘आशा’ या स्पीच थेरपिस्टच्या संघटनेची मोजणी आहे. एक सीईयू म्हणजे दहा तास, म्हणून ०.१ सीईयू म्हणजे एक तास. तिथल्या थेरपिस्टना तीन वर्षांत ३० तास भरावे लागतात, त्यासाठी ही सोय. आरसीआयने त्या कार्यक्रमाला स्वतः मान्यता दिली असेल तरच तो तुमच्या शंभरात धरला जाईल. ‘इंटरनॅशनली अॅक्रेडिटेड’ या शब्दांवर एक रुपयाही भरू नका.

आता शिकण्याचं. काय शिकायचं हे ब्रोशर पाहून ठरवू नका, स्वतःच्या पेशंटचं रजिस्टर पाहून ठरवा. गेल्या तीन महिन्यांतल्या प्रत्येक पेशंटसाठी एक ओळ लिहा. वय, मुख्य अडचण, घरची भाषा, किती सेशन झाली, ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं का, नसेल तर कुठे अडलं. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरा. ‘पालक घरी करत नाहीत’ हे उत्तर दहा ओळींत आलं, तर तुम्हाला शिकायचंय ते पालकांसोबत काम करणं, मुलासोबतचं आणखी एक तंत्र नव्हे. तुमच्याकडचे पेशंट पाहता आमचा अंदाज तसाच आहे. पहिला क्रम पालक-प्रशिक्षणाचा, दुसरा गिळण्याच्या त्रासाचा. उच्चारांच्या मुलांसाठी नवा कोर्स लागणार नाही, नवी शब्दयादी लागेल. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

हॅनेन चांगलं आहे, मैत्रीण चुकीचं सांगत नाही. टोरंटोची ही संस्था १९७५पासून पालकांना शिकवण्याचंच काम करते. उशिरा बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांचा एक कार्यक्रम आहे आणि ऑटिझमसाठी वेगळा. थेरपिस्टचं प्रशिक्षण साधारण तीन दिवसांचं असतं. पण खरा कार्यक्रम त्यानंतर सुरू होतो. पालकांचा गट जमवून अनेक सत्रं घ्यायची आणि अधूनमधून प्रत्येक कुटुंबाचा व्हिडिओ काढून तो त्यांच्यासोबत बसून पाहायचा. तुमच्या क्लिनिकमध्ये आई बाहेर खुर्चीवर बसते, मूल आत येतं, ४५ मिनिटांनी दार उघडतं, अशी रीत असेल तर हॅनेनचं प्रमाणपत्र भिंतीवरच राहील. म्हणून आधी मॅडमना विचारा : महिन्यातून दोन शनिवार-रविवार किंवा संध्याकाळ पालकांच्या गटासाठी मिळेल का? उत्तर ‘बघू’ असेल, तर यंदा हॅनेनवर पैसे घालू नका.

त्याआधी फुकट मिळणारी एक उत्तम गोष्ट वापरा. जागतिक आरोग्य संघटनेचं केअरगिव्हर स्किल्स ट्रेनिंग हे विकासात अडचण असलेल्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आहे. नऊ गटसत्रं आणि तीन घरभेटी असा त्याचा आराखडा. २०२२मध्ये त्याची पुस्तिका सर्वांसाठी खुली झाली. यातलं पहिलं सत्र मराठीत कसं घ्याल, याची तयारी केलीत तरी पुष्कळ शिकाल.

आणि उद्यापासून हे करा. आई आणि मूल खेळत असतानाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ घ्या. त्यात चार गोष्टी मोजा. आईने किती प्रश्न विचारले, किती वेळा नुसतं वर्णन केलं, प्रत्येक वेळी मुलाच्या उत्तरासाठी किती सेकंद थांबली आणि मुलाने स्वतःहून किती वेळा सुरुवात केली. पहिल्या व्हिडिओत ‘हे काय आहे? कुठला रंग? काऊ कसा बोलतो?’ अशी सरबत्ती बहुतेक घरांत दिसते, आणि थांबणं जेमतेम सेकंदभराचं. त्या आठवड्यात एकच गोष्ट बदलायला सांगा : बोलून झालं की मनात दहापर्यंत मोजायचं, मुलाकडे पाहत राहायचं. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा तीच मोजणी. एकाच वेळी चार सूचना दिल्या की आई घरी एकही पाळत नाही, आणि दोष तिचा नसतो. व्हिडिओसाठी पालकांची लेखी संमती घ्या. तो थेरपिस्टच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा नाही आणि काम झालं की पुसून टाकायचा, हेही त्याच कागदावर लिहून द्या.

आजी दिवसभर सांभाळत असेल तर व्हिडिओ आजीचा घ्या. पुण्यात अशी घरं खूप आहेत, आणि होम प्रोग्रॅम मात्र नेमका ऑफिसला जाणाऱ्या आईच्या हातात दिला जातो.

मॅडमच्या ओरल मोटर कोर्सबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. उच्चार सुधारण्यासाठी शिट्ट्या, फुगे, स्ट्रॉ, जीभ वर-खाली हलवणं यांवर पैसे घालू नका. ओठ आणि जीभ तेच असले तरी फुंकताना आणि बोलताना मेंदू त्यांना वेगळ्या पद्धतीने चालवतो. ‘क’ म्हणायला शिकायचं तर ‘क’ म्हणण्याचाच सराव लागतो. शिवाय बोलायला जिभेच्या एकूण ताकदीतला थोडाच भाग वापरला जातो, त्यामुळे बहुतेक मुलांमध्ये ताकद हा प्रश्नच नसतो. तरी ही पद्धत फार लोकप्रिय आहे. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत ८५ टक्के थेरपिस्ट ती वापरत असल्याचं दिसलं होतं. लोकप्रिय असण्याचं कारण उघड आहे. पालकांना काहीतरी चाललेलं दिसतं, पिशवीत साहित्य असतं आणि घरी करायला सोपं असतं. गिळण्यासाठीचे व्यायाम मात्र वेगळे. जोर लावून गिळणं किंवा मोजून केलेला जिभेचा ताकदीचा सराव ठरावीक पेशंटना दिला जातो, आणि तिथे गिळणं हेच उद्दिष्ट असतं. त्याची यात सरमिसळ करू नका.

याच रांगेत आणखी एक गोष्ट येते. न बोलणाऱ्या मुलाचा हात धरून त्याच्याकडून अक्षरं दाखवून घेण्याच्या आणि समोर अक्षरफलक धरून सतत इशारे देत राहण्याच्या पद्धती अधूनमधून ‘चमत्कार’ म्हणून विकल्या जातात. ‘आशा’ संघटनेने २०१८मध्ये दोन्हींच्या विरोधात अधिकृत भूमिका घेतली. कारण संदेश मुलाचा की मदतनिसाचा, हे सिद्ध होत नाही. त्यापेक्षा आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे चित्रांतून बोलण्याचं अॅप मराठीतही आणि विनामूल्य मिळतं. ते नीट बसवायला आणि घरात रुळवायला शिकणं, हेच एक महिन्याचं शिक्षण आहे.

मॅडमशी वाद घालायची गरज नाही. त्यांची अडचण व्यवसायाची आहे, पालकांना काय सांगायचं ही. त्यांना म्हणा, ‘मॅडम, उच्चारांच्या तीन मुलांवर मी सहा आठवडे मोजून काम करते, आलेख पालकांना दाखवू.’ पालकांना फुग्यापेक्षा चढता आलेख जास्त पटतो. कोणत्याही कोर्सनंतर शिकलेलं खरं उतरलं का हे पाहायची पद्धतही हीच, म्हणून ती सविस्तर सांगतो.

वीस शब्दांची यादी करा. मूल ‘क’च्या जागी ‘त’ म्हणतं असं समजा. ‘क’चे वीस शब्द, सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे : काका, कप, कावळा, चकली, नाक, टाक. त्यातले दहा शिकवायचे, दहा कधीच शिकवायचे नाहीत, फक्त तपासायचे. सोबत त्या मुलाला न येणारा दुसरा एक ध्वनी घ्या, समजा ‘ळ’, ज्यावर तुम्ही सध्या काहीही करणार नाही. त्याचेही दहा शब्द. काम सुरू करण्याआधी तीन वेगवेगळ्या दिवशी सगळे शब्द म्हणवून घ्या, चूक-बरोबर काही न सांगता. आकडे तीन दिवस साधारण तेच असतील तर बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची पातळी, मिळाली. ते आपोआपच चढत असतील तर थांबा, मूल स्वतःच सुधारतंय. मग थेरपी सुरू करा आणि दर आठवड्याला न शिकवलेले दहा ‘क’चे शब्द आणि ‘ळ’चे शब्द तपासा. ‘क’ चढला, ‘ळ’ तिथेच राहिला, तर तुमच्या कामाचा परिणाम दिसतोय. दोन्ही सारखेच चढले, तर श्रेय वयाचं असू शकतं. सहा-आठ सेशनमध्ये न शिकवलेले शब्द हललेच नाहीत, तर तंत्र किंवा सेशनमधली सरावाची संख्या बदला. अर्ध्या तासात मुलाकडून पंधराच उच्चार निघत असतील तर आधी संख्या वाढवा. थेरपी बहुतेक वेळा इथेच कमी पडते, आणि हे शिकायला कोर्सची फी लागत नाही. फोनवर रेकॉर्ड करा आणि मोजा.

शब्दयादी मराठीतच बनवा. इंग्रजी चाचणीचे शब्द मराठीत आणून गुण लावले तर निकाल खोटा येतो. ‘ळ’ आणि ‘ण’ मराठीत शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत, तेव्हा त्यांचे दोनच रकाने : केळं-बाळ, पाणी-बाण. ‘च’चे दोन उच्चार आहेत : ‘चार’ म्हणताना जीभ टाळूकडे जाते, ‘चारा’ म्हणताना दातांकडे. ‘जेवण’ आणि ‘जोडा’ यांतही तोच फरक. चिमणी येते पण चोर येत नाही, असं मूल इंग्रजी फॉर्मवर उत्तीर्ण होतं. व्याकरणाच्या उद्दिष्टांचंही तसंच. परदेशी कोर्समध्ये शिकवलेली क्रियापदांची उद्दिष्टं आपल्याकडे तशीच लावता येत नाहीत. आपल्या मुलाला ‘भात खाल्ला, भाकरी खाल्ली, केळं खाल्लं’ हा फरक यायला हवा आणि ‘घोडा’चं ‘घोड्याला’ व्हायला हवं. म्हणून नियमच करा : कोणताही कोर्स झाला की आठ दिवसांत त्यातल्या एका तंत्राचं मराठी पान तयार करायचं. शब्द, वाक्यं, पालकांना द्यायची सूचना, सगळं एका पानावर. पान लिहिता येत नसेल, तर कोर्स समजलेला नाही.

आता शनिवार. गिळण्याच्या त्रासात चुकीची किंमत फार मोठी, म्हणून इथे पैसे आणि वेळ दोन्ही खर्च करा. पण तेही टप्प्याने. पहिला टप्पा स्वयंपाकघरातला. ‘इड्सी’ या अन्न-पेयांचा घट्टपणा मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मापनाचे ० (पातळ पेय) ते ७ (नेहमीचं जेवण) असे आठ स्तर आहेत. माहिती मोफत आहे आणि सिरिंज स्वस्त. दहा मिलिची सिरिंज घ्या, पण शून्यापासून दहाच्या खुणेपर्यंतची लांबी पट्टीने मोजा. ती ६१.५ मिलिमीटर हवी. बाजारातल्या काही सिरिंज आखूड-लांब असतात आणि मग सगळे आकडे चुकतात. दट्ट्या काढा, खालचं तोंड बोटाने बंद करा, दहा मिलि द्रव भरा, बोट काढून बरोबर दहा सेकंद वाहू द्या, पुन्हा बंद करा आणि किती उरलं ते वाचा. एक मिलिपेक्षा कमी उरलं तर स्तर ०, एक ते चार स्तर १, चार ते आठ स्तर २, आठच्या वर उरलं पण थोडं तरी वाहिलं तर स्तर ३. काहीच वाहिलं नाही तर काटा-चमच्याची चाचणी.

एका रविवारी ताक, तांदळाची पेज, नाचणीची आंबील, आमरस, दूध-साखर घातलेला चहा हे सगळं मोजून लिहून ठेवा. पेशंट ज्या तापमानाला घेतो त्याच तापमानाला मोजा, कारण पेज आणि आंबील गार होताना घट्ट होत जातात. नातेवाइकांनी कॉर्नफ्लॉवर घालून घट्ट केलेलं पेय चमच्यावर ठीक दिसतं, पण लाळेतलं एन्झाइम स्टार्च तोडतं आणि तोंडात ते पातळ होतं. झँथन गमच्या, पेय घट्ट करणाऱ्या पावडरमध्ये हा प्रश्न येत नाही. घन पदार्थांत मोठ्यांसाठी स्तर ५चे कण चार मिलिमीटरपर्यंत, म्हणजे साध्या काट्याच्या दोन दातांमधल्या फटीएवढे, आणि स्तर ६चे तुकडे दीड सेंटिमीटरपर्यंत. मऊ कालवलेला वरण-भात ठीक असतो. पातळ आमटीत तरंगणारी शितं धोक्याची, कारण एकाच घासात द्रव आधी घशात उतरतो आणि भात तोंडातच राहतो. ‘मऊ आहार द्या’ एवढं सांगितलं की घरी नेमकं हेच वाढलं जातं.

दुसरा टप्पा तपासण्यांचा. खाटेजवळच्या तपासणीत खोकला न येता श्वासनलिकेत जाणारं अन्न दिसत नाही. त्यासाठी दुर्बिणीने घशात पाहण्याची ‘फीज’ तपासणी किंवा बेरियमची एक्स-रे तपासणी (व्हिडिओफ्लुरोस्कोपी) लागते. यावरचे ऑनलाइन कोर्स डोळा तयार करायला चांगले, हात तयार करायला नाहीत. रुग्णालयातल्या ईएनटी डॉक्टरांना आणि रेडिओलॉजीला विचारा की तुमच्या पेशंटच्या तपासणीला तुम्ही उभ्या राहू शकता का. प्रत्येक तपासणीआधी आपला अंदाज लिहून ठेवायचा, नंतर पडद्यावर जे दिसलं ते त्याच्यापुढे लिहायचं. हाताने प्रक्रिया करण्याचा कोर्स घेणार असाल, तर पर्यवेक्षणाखाली प्रत्यक्ष किती पेशंट मिळणार हा एकच प्रश्न विचारा. उत्तर ‘मॅनिकिनवर (पुतळ्यावर) सराव’ असेल तर दुसरा कोर्स शोधा.

महिन्यातून एक तास वाचनाला द्या. तीन-चार थेरपिस्ट जमवा. प्रश्न एका वाक्यात आधी लिहायचा : ‘चार वर्षांच्या अडखळणाऱ्या मुलाला आठवड्यातून एकदाच बोलावता येत असेल तर काय करावं?’ मग सिडनी विद्यापीठाच्या स्पीचबाइट या उपचारांवरच्या अभ्यासांच्या मोफत डेटाबेसमध्ये किंवा ‘आशा’च्या एव्हिडन्स मॅप्समध्ये (विषयवार संशोधनाच्या संग्रहात) शोधायचं. सारांशाचा शेवट वाचून थांबू नका. पद्धतीचा भाग वाचा, विशेषतः किती सेशन, किती मिनिटं, आठवड्यातून किती वेळा. पार्किन्सनच्या पेशंटचा आवाज मोठा करण्याची एलएसव्हीटी लाउड ही पद्धत घ्या. ती आठवड्यातून चार दिवस, एक-एक तास, चार आठवडे, म्हणजे १६ सेशनची आहे. हडपसरहून आठवड्यातून एकदा रिक्षाने येणाऱ्या आजोबांना तेच व्यायाम देऊन तोच परिणाम मागणं बरोबर नाही. कोर्स करण्याआधी विचार करा की ती मात्रा तुमच्या क्लिनिकमध्ये देता येईल का.

पैशांचा साधा आराखडा : नऊ सीआरई दिवसांसाठी, प्रवास धरून, बारा-पंधरा हजार बाजूला ठेवा. उरलेल्यातले बहुतेक पैसे एखाद्या अनुभवी थेरपिस्टकडे महिन्यातून एक तास आपला व्हिडिओ घेऊन बसण्यासाठी द्या. त्या तासाला गुण नसतात आणि भिंतीवर लावायला कागदही मिळत नाही, तरी चाळीस हजारांतली सगळ्यात उपयोगी रक्कम तीच. मोठा परदेशी कोर्स पुढच्या वर्षी, आणि तेव्हाही आधी विचारा : वार्षिक शुल्क किंवा ठरावीक वर्षांनी नूतनीकरण आहे का, डॉलरवर कर आणि बँकेचं शुल्क धरून एकूण किती, तुमच्या व्हिडिओवर कोणी प्रतिक्रिया देणार का, आणि त्या पद्धतीचा अभ्यास ती विकणाऱ्यांखेरीज कोणी केलाय का.

मास्टर्स गुणांसाठी करू नका. ते दोन वर्षांचं पूर्ण वेळेचं शिक्षण आहे आणि नोकरी सोडावी लागेल. शिकवायचं असेल, मोठ्या रुग्णालयात पुढे जायचं असेल किंवा गिळण्याच्या कामातच राहायचं असेल, तर मात्र करा. कॉलेज निवडताना प्रॉस्पेक्टस बाजूला ठेवा आणि तिथे सध्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या दोघींना फोन करा : आठवड्याला किती पेशंट मिळतात, त्यांत मोठ्यांचे किती, फीज किंवा व्हिडिओफ्लुरोस्कोपी प्रत्यक्ष पाहायला मिळते का, प्रबंधाचा विषय स्वतः निवडता येतो का. प्रवेश घेतलात तरी चालू नोंदणीचे गुण भरून नूतनीकरण वेळेत करा, आणि पदवी हातात आली की वाढीव पात्रतेची नोंद रजिस्टरमध्ये करायला अर्ज करा.